अक्का बिबडी कॉर्पोरेशन

१ एप्रिल
पिंप्राळ्यात माझ्यासारखी बिबडी कोणाची नाही. हे मी नाही, भागाबाई म्हणते. मी विचारल्यावर म्हणते. दर उन्हाळ्यात आम्ही बाया आळीपाळीनं एकमेकींच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमचे पापड, थापतो. यंदापासून हा फुकटचा कारभार बंद. कंपनी काढते. मालक मी.

२ एप्रिल
सून ज्योत्स्ना बी.कॉम. तिला विचारलं, कंपनी मोठी की कॉर्पोरेशन? म्हणे, आई, कायद्यात दोन्हींना वेगळा जीव असतो. पण कंपनी चार ओळखीच्यांचीही चालते. कॉर्पोरेशन म्हटलं की मोठा पसारा, वाटेकरी पुष्कळ. पुढे मालकाचं काहीतरी सांगत होती, कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही. शेवटचं ऐकलं. माणूस मेला तरी ते चालू राहतं.
मेल्यावरही चालू! ठरलं, कॉर्पोरेशनच. एवढं शिकून पोरगी पहिल्यांदा कामाचं बोलली.

५ एप्रिल
मजुरी कोण देणार? प्रत्येकीला एकेक वाटा देऊन टाकला. सगळ्या खूश. डोकं लागतं. समोरच्या बेबाबाईलाही दिला. तिची बिबडी म्हणजे चपलेचा तळ. हातात काठी देऊन कावळे हाकायला बसवीन. तेवढंच जमेल.

९ एप्रिल, पहाटे
ज्वारीचा घाटा शिजला. मी खुर्चीवरून हुकूम सोडले. पातळ थाप. हात ओला कर. तीळ काय लग्नाच्या अक्षता आहेत का? अध्यक्षानं घाट्यात हात घालायचा नसतो. रत्ना म्हणाली, अक्का, तोंडालाही जरा पाणी लावा. सगळ्या हसल्या. मीही हसले. कामगार हसते ठेवावेत.

११ एप्रिल
मीटिंग. अध्यक्ष कोण, हात वर करा. मी लाजून डोळे मिटले. उघडले तर सगळे हात बेबाबाईसाठी वर. ज्योत्स्नाचाही. म्हणे, आई, कुकरच्या वेळी हेच सांगत होते, मालक कोणी एक नसतो, ज्यांचा वाटा त्यांचं मत. भागाबाई वर म्हणते, अक्का, तू आते बस, बठ्ठं काम आम्ही करतस.

१२ एप्रिल
कमरेत लचक. मुद्दाम. मोबाइल उशाशी. दुपारपर्यंत रडत येतील.

दुपार. रेंज नसेल.

संध्याकाळ. ज्योत्स्नानं ओलसर बिबड्या चवीला आणल्या. बऱ्या आहेत. ताट संपलं.

१३ एप्रिल
गच्चीवर गेले. मी मेले नव्हते, तरी कॉर्पोरेशन चालू होतं. खुर्चीत बेबाबाई. मला बघून उठली. वाटलं, समज आली.
काठी दिली.