वापरात असलेली खोली

४ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बेटावर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. आता जे लिहिणार आहे ते फोनवर सांगितलं असतं, तर तू मध्येच ओरडली असतीस. पत्रात कसं, ओरडलीस तरी ऐकू येत नाही.

सरकारने नवा नियम काढलाय. घरभाड्यात सवलत घेणाऱ्याकडे ‘वापरात नसलेली निवासी खोली’ सापडली, की सवलत बंद. तू हवामान केंद्रात वाऱ्याचा वेग मोजत बसलीस, तुझे बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. म्हणजे सरकारच्या लेखी मी एकटी बाई दोन खोल्यांत ऐसपैस लोळतेय. सवलत गेली तर नुसत्या शिवणकामावर हे घर टिकणार नाही. गिऱ्हाइकं सगळी याच गल्लीतली, मशीन इथलं, मी जाऊ कुठे? म्हणून गृहनिर्माण मंडळाला कळवून टाकलं, की त्या खोलीत माझी नणंद राहते.

कपाळावर हात मारू नकोस. चार वर्षं जिचं तोंड पाहिलं नाही तिचंच नाव का आठवलं, मलाही कळत नाही. दुसरं कुणी माझं आहे कुठे, असंही असेल.

वाटलं होतं कागदावर भागेल. पण काल सकाळी पाहणी अधिकारी दारात हजर! अगदी मवाळ माणूस, सर्दीने नाक लाल झालेलं. त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी आणते म्हणून आत गेले आणि माझा शिवणाचा पुतळा उचलून तुझ्या पलंगावर आडवा केला. वर पांघरूण घातलं. पुतळ्याला मुंडकं नाही, म्हणून उशीला तुझी लोकरीची टोपी चढवून ती वर लावली. मग बाहेर येऊन म्हटलं, नणंदबाईंना बरं नाही, आत्ताच डोळा लागलाय.

तो आत गेला, पांघरूण जरा सारखं केलं आणि पाऊल न वाजवता बाहेर आला. पुढची सगळी चौकशी त्याने कुजबुजत केली. शिंक आली तेव्हा बिचारा जिन्यात जाऊन शिंकून आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना म्हणाला, पुढच्या बुधवारी येतो, तोवर त्यांना उतार पडेल, फक्त त्यांची एक सही हवी.

पुतळा सही करत नाही, ठकू. आता तिला पत्र लिहिणं आलं. बाबांच्या मागे चार लोकांत ती म्हणाली होती, की माझा भाऊ वहिनीच्या मिठाने गेला. ते मी गिळलेलं नाही. पण राग ठेवायलाही घर लागतं.

कान बांधून बाहेर पडत जा. माया आहेच, पत्राला उशीर झाला तर ती आटली असं समजू नकोस.

तुझी आई

---

५ फेब्रुवारी

वन्संना सा. न. वि. वि.

पत्र पाहून नवल वाटेल. लिहिताना मलाही वाटतंय. तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे, हे विचारायचं राहून गेलं होतं.

कामाचं लिहिते. सरकारच्या नव्या नियमामुळे तुम्ही गेल्या महिन्यापासून माझ्याकडे राहताय. हे तुमच्या कानावर घालणं मला योग्य वाटलं. येत्या बुधवारी सकाळी मंडळाचा माणूस तुमची सही घ्यायला येईल, तेव्हा तुम्ही इथे असलात तर बरं दिसेल. तेवढ्या एका सकाळचाच प्रश्न आहे. त्यानंतर आपण पुन्हा पहिल्यासारखं न बोलणं चालू ठेवू, त्यात माझ्याकडून कसूर होणार नाही.

खोली झाडून ठेवली आहे. आला नाहीत तरी मी समजून घेईन. फक्त घर सोडावं लागेल, तेव्हा नवा पत्ता कळवीन.

अधिक काय लिहू? जे आहे ते हेच.

वहिनी

---

७ फेब्रुवारी

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. मी आपल्याकडे महिनाभर राहते आहे हे वाचून आनंद झाला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तीस वर्षं न्यायालयात टंकलेखन केलं. खोट्या सह्यांमुळे लोकांचं काय होतं, ते माझ्याच बोटांनी टाइप झालेलं आहे. तेव्हा एका सकाळसाठी येऊन सही ठोकणं मला जमणार नाही. मी सही करीन ती खरीच असेल. याचा अर्थ मला राहायला यावं लागेल. नाइलाज आहे, आपलाही आणि माझाही.

माझ्या बाजूनेही अडचण आहेच. आमच्या इमारतीची मालक कंपनी लिफ्ट बदलते आहे. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घर घेतलेल्या सगळ्यांनी तिचा खर्च द्यायचा, असा कंपनीचा आग्रह. मी राहते तळमजल्यावर! लिफ्टने मी जाऊ कुठे, जमिनीखाली? नकार दिला, तर त्यांनी भाडेपट्टा रद्द करण्याची नोटीस लावली. मी लवादाकडे दावा केला आहे. वरच्या मजल्यांवरचे माझ्याशी बोलत नाहीत, आणि लिफ्टचा खड्डा नेमका माझ्या उशाशी खणताहेत. दिवसभर कवटीत ड्रिल चालल्यासारखं वाटतं. निकाल लागेपर्यंत मी आपल्याकडे राहीन. पाहुणी म्हणून नाही, विजेचं निम्मं बिल देईन. जेवणात मीठ मी माझं मला घेईन.

मंगळवारी संध्याकाळी येते. राग जिथे होता तिथेच आहे, तो सामानात बांधून आणते आहे. तरी नमस्काराचा स्वीकार व्हावा.

आपली नणंद

---

२० फेब्रुवारी

चि. ठकूस आत्याचे अ. उ. आ.

तुझ्या पलंगावरून लिहिते आहे. गादीला तुझ्या वजनाचा खड्डा पडलेला आहे आणि मी त्यात मावत नाही, म्हणजे तू बारीक आहेस. नीट जेवत जा.

सही झाली. पण त्या बुधवारी जे घडलं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. अधिकारी आला, मला नमस्कार केला आणि म्हणाला, मागच्या वेळी आपली तब्येत जरा भरलेली वाटली होती, आजाराने फारच उतरलात. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे पाहिलं. तो सही घेऊन निघाला तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, की मी नेमकी कुठे आणि कशी भरलेली होते. हुज्जत घालणारीला उत्तर मिळतंच. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, बाई, पांघरुणाखालून आपली चाकं बाहेर आली होती, मीच ती झाकली. असला नियम राबवायचा तर अधूनमधून पांघरूण घालावंच लागतं, असंही म्हणाला.

ठकू, मुंडकं नसलेला, चाकांवर फिरणारा, कंबर बेचाळीसचा पुतळा माझ्या जागी झोपवला! मी तीन दिवस बोलले नाही. अर्थात आम्ही आधीही बोलत नव्हतोच, पण हे न बोलणं वेगळं होतं. चौथ्या दिवशी वहिनींनी आपण होऊन तो पुतळा माझ्या खोलीतून हलवला. आता तो स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो आणि मी पाणी प्यायला गेले की दचकते.

तुझी आई पहाटेपासून मशीन चालवते. लिफ्टच्या ड्रिलची सवय झालेल्या मला त्यात गाढ झोप लागते. हे तिला सांगू नकोस, नाहीतर ती मशीन बंद ठेवील.

वाऱ्यात उभी राहू नकोस. आठवण येते, पण ती टाइप करायची सवय नाही.

आत्या

---

६ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आत्याबाईचं काय सांगू! माझ्या गिऱ्हाइकांशी ती परस्पर बोलते. एका बाईंनी ब्लाउज घट्ट झाल्याची तक्रार केली, तर आत्याबाईने त्यांची अशी उलटतपासणी घेतली की त्यांनी शेवटी स्वतःच कबूल केलं, मापं दिल्यानंतर लग्नाच्या तीन पंगती झाल्या. आता त्या जपून वागतात आणि वेळेवर पैसे देतात.

मीठ मी घालतच नाही. ताटात घ्यावं ज्याचं त्याने! परवा मी दुधाला गेले आणि पिशवी विसरले म्हणून परत आले, तर ही बाई पातेल्यावर वाकून चिमटीने मीठ घालत होती. एक चिमूट, दुसरी, तिसरी! मी पाऊल मागे घेतलं, दार ओढून घेतलं आणि मोठ्याने खोकत पुन्हा आत आले. जेवताना ती म्हणाली, आज भाजी चांगली झालीय. मी म्हटलं, हो, हात बसलाय आता. बाबांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. पण त्यांची खुर्ची चार वर्षं भिंतीकडे तोंड करून होती, ती तिने टेबलाकडे वळवलीय आणि त्यात बसून पेपर वाचते.

आता खरं कारण. सरकारने तो नियम मागे घेतला. काल गल्लीत सगळे हसत होते, मी एकटीच घाबरले. म्हणजे तिने इथे राहायचं कारण संपलं ना! ती असली प्रामाणिक, कळल्या क्षणी पेटी भरील. म्हणून मी पेपरातलं ते पान कापलं आणि त्यावर कुणाच्या तरी बाहीचं माप आखून टाकलं. तिने विचारलं, पान तीन कुठे आहे. मी म्हटलं, बाहीत गेलं.

ठकू, सरकारला नियम परत आणायची विनंती करायची तर कुणाला लिहायचं? अर्ज तिच्याकडून टाइप करून घेता येत नाही, हीच पंचाईत आहे. तिला यातलं अक्षरही कळवू नकोस, तुला माझी शपथ. तुझी चिंता करायला मला सध्या वेळ होत नाही, तेवढी तूच तुझी करत जा.

तुझी आई

---

७ एप्रिल

चि. ठकूस आत्याचे अ. उ. आ.

गोपनीय.

मी दावा जिंकले. पूर्ण. तळमजल्यावरील पट्टेदाराकडून लिफ्टचा खर्च मागता येत नाही, नोटीस रद्द, ड्रिल बंद. कंपनीच्या वकिलाचा चेहरा पाहायला तू हवी होतीस. आयुष्यभर लोकांचे निकाल टाइप केले, स्वतःचा पहिल्यांदाच हातात घेतला. घरी परतताना पावलं भराभर पडत होती, आणि जिन्यात आल्यावर आठवलं की मी ‘निकाल लागेपर्यंत’ आले होते.

वर वहिनी माझ्या हिरव्या झग्याला खिसा लावत बसल्या होत्या. काय झालं विचारलं, तर मी म्हटलं, पुढची तारीख मिळाली. माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं विधान आहे. दुसऱ्या दिवशी मी लवादात जाऊन अपिलाची चौकशी केली. कारकून म्हणाला, बाई, जिंकलेल्या पक्षाला अपील नसतं. मी म्हटलं, लिफ्टचा तळमजल्याला अप्रत्यक्ष लाभ होतो या मुद्द्याकडे लवादाने दुर्लक्ष केलं आहे. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि घरी कुणी आहे का, असं विचारलं.

आहे, असं मी सांगितलं. पुष्कळ दिवसांनी असं सांगता आलं.

वहिनींना यातलं काही कळता कामा नये. त्या मानी आहेत, नाइलाज संपला की मला थांबवणार नाहीत. तूर्त इतकंच. उरलेलं तू समजून घे, तू भावाची लेक आहेस.

आत्या

---

१६ एप्रिल

ती. आईस व ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुमची दोघींची पत्रं एकाच बोटीने आली. दोघींनी शपथ घातल्यामुळे मी कुणालाही काही सांगणार नाही. ती मी मोडणारी नाही.

मात्र एक घोटाळा झाला आहे. तुमची पत्रं जपून ठेवावीत म्हणून मी ती परत पाठवते आहे आणि बोट सुटायच्या गडबडीत आईचं पत्र आत्याच्या पाकिटात आणि आत्याचं आईच्या पाकिटात गेलं. माफ करा. हे मी बोट यायला अजून दोन दिवस असताना लिहिते आहे.

इथे वारा पडलेला आहे. तिथला अंदाज वर्तवण्याची माझी हिंमत नाही. दोघींच्या लोभावर माझा हक्क आहेच, तो अर्ज न करता चालू ठेवावा.

तुमची ठकू

---

२४ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटं पोहोचली. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसून वाचली. मग आत्याबाईने पेन मागितलं. मला वाटलं काहीतरी लिहून देते आहे, तर तिने माझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका दुरुस्त केल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, जिंकल्याचे पेढे तरी वाटायचे होते. ती म्हणाली, पान तीनमध्ये बांधून आणले असते. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून विचारायला माणूस आला.

पुढे ती उठली, खोलीत गेली. मला पेटी ओढल्याचा आवाज आला. माझा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला. थोड्या वेळाने तिनेच आतून हाक मारली. पेटी खिडकीखाली होती आणि आत्याबाई तिच्यावर चढून उभी होती, गुडघे दुखत असताना! म्हणाली, सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, इथे जाड पडदा हवा, वहिनी. मी टेप आणली. तिने वरचं टोक धरलं, मी खालचं.

तिचं घर ती एका नर्सला भाड्याने देते आहे. भाडं इतकं कमी सांगितलं की त्या मुलीनेच विचारलं, घरात काही दोष आहे का. आत्याबाई म्हणाली, दोष होता, तो आता दुसरीकडे राहायला गेलाय.

*(वरील विधान बरोबर नोंदवलं आहे. पडद्याचा रंग मात्र मला मान्य नाही, वाद चालू आहे. – आत्या)*

रजेवर येशील तेव्हा आधी कळव. बाहेरच्या खोलीत गादी घालावी लागेल, आणि पुतळा कुठे हलवायचा तेही ठरवावं लागेल. दोघींचा जीव तुझ्यात आहे, तो तिकडे वाऱ्यावर सोडू नकोस.

तुझी आई
आणि आत्या