बर्फावरच्या रस्त्याची वाटणी

मी, खाली सही करणारा, नदीवरच्या बर्फाचा रस्ता आखणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता हे लिहून ठेवतो. स्वभावाने मी धास्ती घेणारा आहे, पण म्हणून माझी बुद्धी ठिकाणावर नाही असा अर्थ कोणी काढू नये. शाळा आठवीत सुटली, तरी प्रत्येक शब्द तपासला आहे. उद्या सकाळी बर्फ पाहायला जायचं आहे, म्हणून हे आजच लिहीत आहे.

१. घर आणि शिल्लक आईची. नदीकडची खिडकी नीट लागत नाही. ती दुरुस्त करायची राहिली, तेवढं माफ करावं.

२. आमचं काम माहीत नसलेल्यांसाठी लिहितो. नदी गोठली की मी पहारीने बर्फ ठोकत, आवाज ऐकत पलीकडच्या काठापर्यंत जातो आणि भक्कम बर्फावर लाल झेंड्या रोवतो. माणसं, गाड्या त्यांच्यामधूनच जातात. रस्ता आखून झाला की सगळ्यांत आधी आई चालत पलीकडे जाते. हा पायंडा बाबांचा. "जिथे बायकोला पाठवणार नाही, तिथे लोकांना कशाला पाठवू?" असं ते म्हणत. आमच्या झेंड्यांमधून गेलेलं एकही माणूस नदीने नेलेलं नाही. हे वाक्य बढाईचं वाटलं तरी खोडणार नाही.

३. ट्रकवाला मामा. नदी दर हिवाळ्यात वेगळी गोठते, पण मामा झेंड्या सोडून आदल्या वर्षीच्या वाटेने गेला. मागची चाकं बर्फातून खाली गेली. बाहेर आल्यावर 'झेंड्याच चुकल्या' असं त्याने गावभर सांगितलं. त्याच्या ट्रकचा आरसा नंतर मला काठावर सापडला. तो पुसून ठेवला आहे. मामाला द्यावा. दाढी करताना उपयोगी पडेल.

४. बाबांविषयी. नदी उशिरा गोठू लागली, लवकर फुटू लागली, भर हिवाळ्यात पाऊस येऊ लागला. बाबांना वाटलं, आपलाच कान गेला. पुढे नदी मोजायला येणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की आकाशातून काढलेल्या फोटोंत जगभरच्या नद्यांवरचा बर्फ कमी होताना दिसतो. "तुझे बाबा बरोबर ऐकत होते रे. नदीच बदलली." हे ऐकायला बाबा राहिले नव्हते. म्हणून इथे नोंदवतो : बाबांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता.

५. पहार, झेंड्या आणि 'यंदा रस्ता नाही' असं सांगायचा अधिकार धाकट्या बहिणीला. आज मामा दारात उभा राहून म्हणाला, "लाव की झेंड्या! पलीकडे माल अडकलाय. तुझा बाप असा भित्रा नव्हता."

बहीण म्हणाली, "मामा, तुम्हीच आधी चालत जाऊन या ना. तोवर मी चहा टाकते."

मामा चहा न घेता गेला. अधिकार कोणाला द्यायचा ते मी तिथेच ठरवलं. झेंड्या पेटीतच राहिल्या तर घराण्याची मान खाली जाते असं तिने समजू नये. उलट ती आणखी ताठ होते.

६. मी बुडालो तर मला शोधायला कोणीही बर्फावर पाऊल टाकू नये. आईनेसुद्धा.

हे सर्व मी मोठ्याने वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, "दादा, हा अधिकार मला तू मेल्यावरच का? मग उद्या तुला कोण थांबवणार?"

मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं हे मला माहीत आहे. तरीही कलम पाच आजपासून लागू. उद्या पुढे मी चालेन आणि माझ्या कमरेच्या दोराचं टोक काठावर तिच्या हातात राहील. ती 'मागे फिर' म्हणाली की मी मागे फिरेन, का म्हणून विचारणार नाही.

सही : रस्ता आखणारा
साक्षीदार : शेजारचा पाववाला, शाळेतल्या बाई (दोघांनाही यात काही मिळत नाही)
स्थळ : आमचं स्वयंपाकघर
तारीख : १९ डिसेंबर

तळटीप, साक्षीदारांसमोर : बहिणीचीही सही घेतली आहे. तिने नावाखाली हुद्दा लिहिला : 'रस्ता आखणारी'. तो मी तपासला. बरोबर आहे.