पनि अयिपोयिंदि

मंगळवार, दिवे लागल्यावर

भांडे धुवायची मशीन आज नुसतीच गुणगुणली. पाणी काई घेतलं नाई. मेकॅनिकले बोलावलं, तो तेलुगू बोलणारा. मशीन उघडून म्हणाला, "अम्मा, पनि अयिपोयिंदि." मले वाटलं, पाणी संपलं म्हणून राह्यला. धावत जाऊन नळ सोडून दाखवला. "पाणी हाय न भाऊ, हे पाय!" तो हसतच सुटला. त्याच्या बोलीत पनि म्हंजे काम. मशीनचं काम संपलं, असं म्हणत होता तो. नवा पंप टाकला तर चालंल, पण खर्च बराच.

दुकानातून आल्यावर हे म्हणाले, "काऊन दुरुस्त करून राह्यली? दोघांचे भांडे ते किती!"

दोघांचे? अन् दुकानातल्या माणसांचे डबे, पावण्यांचे ताटं?

मशीन चालू असली की मी मागच्या पायरीवर बसते. डोळे मिटले की आतलं पाणी पैनगंगेसारखं वाजते. मग मी भीमपूरकडं, माहेरच्या काठावर. पाय ओल्या गोट्यावर, पलीकडं कोणाचं तरी कापसाचं पांढरं वावर, अन् मले कोणीच हाक मारत नाई. तेवढं पाणी माझं एकटीचं.

आजही पायरीवर जाऊन बसली. डोळे मिटले. पाणी वाजलंच नाई. घरातून हाक मात्र आली, चहाची.

उद्या फोन करून सांगते, पंप टाक म्हणून. मलेबी एखाद्या संध्याकाळी त्या पायरीवरून ओरडून सांगायचं हाय, पनि अयिपोयिंदि!

ह्यायले वाटू दे, पाणी संपलं.