हवेच्या नळीवरचं फडकं

६ जुलै २००३, रवि. सिंदी

१. केळझरहून परत. गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी.
२. ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर, रपट्यावर, पाणी. उतरून काठीने मोजलं: ३५ सें.मी. जाण्यासारखं.
३. बाबांनी पहिल्या गिअरमध्ये सावकाश घातली. मधोमध दोन आचके. बंद.
४. बाबांनी परत सेल मारला नाही. किल्ली काढून खिशात टाकली.
५. ट्रॅक्टरने ओढून घरी. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, गाडी हाये का म्हैस? पाण्यात बसूनच गेली!"
६. बाबा हसले नाहीत.

७ जुलै, सोम.

कॉलेजच्या लॅबमध्ये अर्धा दिवस रजा कळवली. चारही प्लग काढले. दुसऱ्या सिलेंडरमधून पाणी, दोन-तीन चमचे. वाळवून कॉम्प्रेशन घेतलं, चारही सारखे. पिस्टनचा रॉड सरळ. सुटले.

मग हवेची नळी काढली. जाळीमागच्या तोंडात फडकं. ओलंगच्च, बुचासारखं आत ओढलेलं. हवा बंद, म्हणून इंजिन बंद.

बाबांचं अडतीचं दुकान; कापसाच्या हंगामात त्यांची गाडी रोज जिनिंगच्या आवारात उभी असते. रुईचे तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसतात. म्हणून इथे सगळेच नळीच्या तोंडावर धोतराचं फडकं बांधतात आणि हंगाम संपला की सोडतात. या वर्षी बांधलं मी. दुहेरी गाठ, माझीच. सोडायचं मात्र

फडकं धुऊन कपाटात ठेवलं. कुणाला बोलले नाही.

८ जुलै, मंगळ.

बाबांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "तूच चालवजो आता. माया हात गेला. पाण्यात क्लच चुकला माया."

मी म्हणाले, "बघू." एवढंच. तेव्हाच सांगता आलं असतं.

३ ऑगस्टची पावसाळी मोटार-स्पर्धा. जामपासून सुरू, वेळ आणि अंतर पाळायचं, वाटेत तीन रपटे. मागच्या वर्षीच ठरलंय: चालक बाबा, घड्याळ आणि नकाशा माझा. फॉर्म जूनमध्येच भरून ठेवला आहे. त्याकडे बाबा आता बघतही नाहीत.

नळीचं तोंड मूळचंच खाली आहे. फडकं नसतं तरी जरा जास्त पाण्यात धोका होताच. हे खरं आहे. सबबही आहे.

१२ जुलै, शनि. नागपूर

स्पेअर पार्टच्या दुकानात तास-दीड तास. तीन प्रकार:
अ) उघडा शंकू-फिल्टर, इंजिनशेजारी.
ब) लांब नळी, फिल्टर खाली बंपरमागे.
क) बंद पेटी, नळी वर काढलेली.

दुकानदार 'अ'वर फिदा. "मॅडम, हा लावा. असा आवाज येईन का पूरा मोहल्ला खिडकीत!" मी विचारलं, तोंड जमिनीपासून किती उंच राहील? "उंची? उंची कोणीच नाई विचारत मॅडम. लोकं रंग विचारतात."

दोन दिवसांच्या बोलीवर तिन्ही आणले. बसमध्ये मांडीवर. खूप दिवसांनी डोकं असं पळतं आहे.

१३ जुलै, रवि. जाम

नाना मिस्त्रींच्या शेडमध्ये दिवसभर. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, यू आकारात फळीवर बांधली, आत निळीचं पाणी. एक टोक फिल्टरनंतरच्या नळीला. जेवढा फिल्टर अडवेल तेवढं पाणी चढेल. सगळं इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर. नाना म्हणे, "काऊन बाई, गाडीचं ब्लडप्रेशर पाहून राह्यली का?"

अ: कोरडा ५ सें.मी. पाच मिनिटं पाइपाने फवारा मारला: ३१. पंखा पाणी थेट त्याच्यावरच उडवतो.
ब: कोरडा ६. उत्तम. पण तोंड २७ सें.मी. उंचीवर, रपट्यावर पाणी ३५. विषय संपला.
क: कोरडा ११, फवाऱ्यात १२.

शेवटी जुन्या नळीवर ओलं फडकं बांधून पाहिलं. निळं पाणी भसकन टोकापर्यंत चढलं; नानांनी घाईने नळी उपटली आणि सगळं त्यांच्याच सदऱ्यावर! नाना ओरडले, मी हसत सुटले. मग हसू थांबलं. रपट्यावर झालं ते हेच.

'क' ठरली. नाना: "ताकद कमी होईन ना पण?" होईल थोडी. पाणी पिणार नाही.

१९ जुलै, शनि.

पेटी बसली. तोंड पुढच्या काचेच्या पायथ्याशी, मागे वळवलेलं, उंची ९२ सें.मी. पेटीच्या तळाला भोक, त्यावर जुन्या ट्यूबच्या रबराची झडप: आलेलं पाणी गळून जाईल, परत आत येणार नाही.

सकाळपासून पाऊस. त्याच रपट्यावर, आज ३८ सें.मी. नाना शेजारी, दार घट्ट धरून. चार वेळा गेलो-आलो. एकही आचका नाही. चौथ्यांदा मी ओरडले, चक्क मोठ्याने. नाना म्हणाले, "बाई, तुले आवाज हाये हे आज कळलं."

पेटी उघडली. फिल्टर कोरडा.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं झालं. नानालेच घेऊन जाजो मंग स्पर्धेले." आणि पेपर उघडला.

गाडी दुरुस्त झाली. बाबा नाही.

२० जुलै, रवि.

कपाटातून फडकं काढलं. घडी केली, त्यावर किल्ली, त्याखाली चिठ्ठी. बाबांच्या दुकानात त्यांच्या गादीवर ठेवून आले. नक्कल:

बाबा,
६ तारखेला तुमचा क्लच चुकला नाही. हे फडकं हवेच्या नळीत अडकलं होतं. हंगामात मी बांधलं, सोडायला मी विसरले. ७ तारखेपासून मला माहीत आहे. तेरा दिवस मी गप्प राहिले, आणि तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात. माझं चुकलं.
इंजिनात पाणी होतं. तुम्ही परत सेल मारला असतात तर रॉड वाकला असता. नाही मारलात, म्हणून इंजिन वाचलं. मी असते तर मारला असता.
फॉर्म शुक्रवारी नागपूरला पोचायला हवा. चालकाच्या रकान्यात तुमचंच नाव आहे, मी खोडलेलं नाही. हो की नाही, ते गुरुवारी, २४ तारखेला संध्याकाळपर्यंत सांगा.