गाळातला जबडा

२ मे १९५३
शाळेला सुट्ट्या लागल्या, मास्तरकी महिनाभर बंद. गोंदियाहून अर्जुनी, तिथून बैलगाडीनं घरी. यंदा तलाव पार आटलाय. दादा गावकऱ्यांना घेऊन गाळ काढून राहिला. आज पाळीजवळच्या, बांधालगतच्या खोलगट भागात हाडं निघाली. बहुतेक रानडुकराची. एक तुकडा मात्र माणसासारख्या खालच्या जबड्याचा, एकाच बाजूचा. लहान, काळाकुळकुळीत, हाताला जड. हनुवटीकडचा भाग मोडून गेलेला. खणणं थांबवा म्हटलं. दादा घमेलं टाकून घरी निघून गेला.

३ मे
दात धुऊन पाहिले. दुधाच्या दोन दाढा, मागं पहिली पक्की दाढ नुकतीच वर आलेली. म्हणजे सहा-सात वर्षांचं लेकरू. कॉलेजात आफ्रिकेतल्या वानरमानवाच्या पोराची प्लास्टरची प्रतिकृती पाहिली होती. त्याचीही हीच दाढ नुकती आलेली. आपल्या भागात असं काही मिळालं तर... दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.
संध्याकाळी लक्षात आलं, दादा घमेलं टाकून का गेला ते. मोती. दादा-वहिनीचा एकुलता एक पोरगा. दहा वर्षं झाली, मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. भर पावसाळ्यात गुरांमागं गेला तो परत आलाच नाही. ढिवरांनी तलावात जाळी टाकली, लोकांनी जंगल पालथं घातलं. सातवं लागलं होतं त्याला.

५ मे
वहिनी पडवीत आली. जबड्याकडं पाहिलं नाही. खूप जुना आहे का, एवढंच विचारलं. असू शकतो म्हटलं, लाखो वर्षांचा. तशी खाली बसली, आणि त्या आफ्रिकेतल्या पोराबद्दल सगळं विचारून घेतलं. सांगितलं: सुळे बारके, माकडासारखे नाहीत. मज्जारज्जू जातो ते कवटीखालचं छिद्र पुढं सरकलेलं, म्हणजे मान ताठ, दोन पायांवर चालत असणार. मेंदू मात्र लहान.
उठता उठता म्हणाली, "त्याच्या मायनं त्याले धुंडलं असन का, भाऊजी?"
ते दातांवरून कळत नाही, म्हटलं.

६ मे
दादा म्हणतो, गावात बोभाटा झालाय, पोराचं क्रियाकर्म करून टाकू. वहिनी नाही म्हणते. जुन्या काळचं हाड आहे, भाऊजीनं सांगितलं. मी 'असू शकतो' म्हटलं होतं.

९ मे, नागपूर
जुन्या प्राध्यापकांनी तुकडा प्रतिकृतीशेजारी ठेवला. तिच्या दाढा केवढ्या रुंद. आपला तुकडा त्यापुढं अगदी नाजूक. "आपल्यासारख्याच माणसाचं मूल," म्हणाले. काळेपणा गाळाचा. एक कण जाळून पाहिला, केस जळल्यासारखा वास आला. म्हणजे दगड झालेलं नाही. किती जुनं? दहा वर्षं की शंभर, ते सांगता येणार नाही.
वाईट वाटलं ते आधी माझं मला. वहिनीचा विचार गाडीत बसल्यावर आला.

११ मे
वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. काही लपवलं नाही. वानरमानव नाही. आपल्यासारखंच लेकरू. आजोबा-पणजोबांच्या काळचं असेल, अलीकडचंही असेल. सूप थांबलं नाही. दादा म्हणाला, उद्या सकाळी नदीवर जाऊ, भटजींना सांगून येतो. तेव्हा सूप खाली ठेवलं.
"हा कोनत्या बाजूचा होय, भाऊजी?"
डाव्या, म्हटलं.
"मोतीच्या खालच्या उजव्या दाढेले कीड होती. मी लवंग भरून देत होती."
दादा दारात होता. चपला काढून परत आत आला.

१२ मे
नदीवर कोणी गेलं नाही. वहिनी उजाडताच तलावात उतरली. गाळाचं ढेकूळ हातानं फोडते, बोटांनी चाचपते, मग बाजूला टाकते. दादा खणून देतो. मीही दिवसभर तिथंच. शिंपले, झाडाची मुळं, रानडुकराचा एक सुळा. उजवी बाजू सापडावी की सापडू नये, हे आम्हा तिघांपैकी कोणी बोललं नाही. पाळीजवळचा पुष्कळ गाळ अजून काढायचा आहे.