चर्चमधले लांडगे

सोमवार, १६ ऑक्टोबर
दुसरं वर्ष. नवा निश्चय: पुस्तकांची यादी वाचायची नाही. इतिहास शिकवणाऱ्या हेस्केथबाईंनी एका निबंधासाठी चौदा पुस्तकं दिलीत. इतरांची मतं चघळून कुणी इतिहासकार होत नसतो. मूळ कागद बघायचे.

मंगळवार
कॉलेजचं पत्र. मागच्या टर्मला दोन निबंध दिले नाहीत. यंदा एक जरी फसला तरी खास परीक्षा, आणि तीत नापास झालो तर घरी. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. (पत्र दोनदा वाचलं.)

गुरुवार, १९ ऑक्टोबर
ट्युटोरियल. बाईंसमोर आम्ही दोघंच, मी आणि नेरिस प्यू. वेल्सच्या डोंगरातली, मेंढ्या पाळणाऱ्या घरातली. चौदाच्या चौदा वाचून आली होती. बिचारी. माझा निबंध मनात तयार आहे, असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, बार्नबी, पुढच्या गुरुवारी तो कागदावर येऊ दे.

शनिवार, २१ ऑक्टोबर
बसने जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात. १५८४चा एक अर्ज मिळाला, गावकऱ्यांनी जमीनदाराला लिहिलेला. अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. ते वाचायचे वर्ग असतात म्हणे. मला गरज नाही. दोन तासांत एक ओळ लागली: 'चर्चमध्ये लांडगे पडून असतात, पाद्र्याला उभं राहायला जागा नाही.'
लगेच अर्जाचा फोटो काढला. बाकीच्या ओळी सोडल्या. गाभा मिळाला होता.

रविवार
बाबांना फोन. ट्रामच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून त्यांना कंटाळा येतो. लांडग्यांचं ऐकून खूश झाले. नक्की ना, असं एकदाच विचारलं. नक्की, म्हणालो.

मंगळवार, २४ ऑक्टोबर
जेवताना नेरिसला शोधाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, अर्जाचा फोटो दाखव की. नाही दाखवला. शोध असेच चोरीला जातात. ती म्हणाली, तुझी मर्जी, पण बाईंच्या आधी कुणाला तरी दाखव. मत्सर.

गुरुवार, २६ ऑक्टोबर
अकरा पानं मोठ्यानं वाचली. बाई म्हणाल्या, तोवर इंग्लंडात लांडगे उरलेच नव्हते रे. मी म्हणालो, म्हणूनच माझा शोध महत्त्वाचा आहे. त्यांनी फोटो मागितला, पाहिला आणि नेरिसकडे दिला.
नेरिसने एकदाच पाहिलं. हळूच म्हणाली, लांडगे नाहीत, लोकर आहे. wolves म्हणजे लांडगे, आणि लोकरीचं जुनं स्पेलिंग wolles, एका अक्षराचा फरक. आमच्याकडेही पावसात लोकरीचे गठ्ठे गावच्या चॅपेलमध्येच टाकतात, आणि पाद्री असाच कुरकुरतो.
मी माघार घेतली नाही. म्हणालो, लोकर राखायला लांडगे ठेवले असतील. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

शुक्रवार
खास परीक्षा लागली. दोन डिसेंबर. हा व्यवस्थेने घेतलेला सूड आहे.
नेरिस जिन्यात भेटली. म्हणाली, अर्जाच्या उरलेल्या ओळी कुणीच वाचल्या नाहीत, तुला हवं तर ते जुनं अक्षर वाचायला शिकवते. माझ्या अटींवर हो म्हणालो. तिने अटी विचारल्या तर एकही आठवेना.

शनिवार, २८ ऑक्टोबर
तीन तासांत चार ओळी. लांडगे कुठेच नाहीत. तिसऱ्या ओळीत एका विधवेने म्हटलंय की गठ्ठ्यांमुळे नवऱ्याच्या चर्चमधल्या थडग्यापर्यंत जाता येत नाही. ती ओळ मी एकट्याने वाचली. नेरिसने तपासली. बरोबर होती. मग दोघंही चौथ्या ओळीला लागलो.

रविवार, २९ ऑक्टोबर
बाबांना खरं सांगितलं. लोकर, परीक्षा, सगळं. ते म्हणाले, बार्नी, परीक्षेचं बघू आपण. पण मी हिरवळीवर चेंडू लोटायच्या आमच्या बोल्स क्लबात सगळ्यांना सांगून बसलोय, आणि बुधवारी त्यांनी लांडग्यांवर माझं भाषण ठेवलंय. तिकडे लांडगेच राहू देत.