फोटोंना प्लास्टिक

१२ जानेवारी

उजव्या डोळ्यावर पट्टी. डाव्यानं लिहितेय, ओळी सगळ्या उताराला लागल्यात. मावसबहीण म्हणते, 'मोतीबिंदू काढून दोन दिवस नाही झाले, आणि लिहितेस कसली?' तिला काय सांगू! पानाशी नाही बोलायचं तर कुणाशी? तिच्याशी? ती टीव्हीशी बोलते.

शहरात येऊन पडलेय, जीव मात्र गावाकडच्या मागच्या खोलीत. चार ट्रंका आणि एक कपाट. शाळेतल्या सगळ्या वर्गांचे फोटो, बाबांनी दरवर्षी शाळेच्या ओट्यावर काढलेले. आणि बंद पडलेल्या टॉकीजचं जे काही उरलं ते — पोस्टर, गाण्यांची पुस्तकं, दारातल्या काचपेटीत लावायचे फोटो, फाडायची राहून गेलेली तिकिटं. टॉकीजचा मालक भंगारात देणार होता, बाबा हातगाडी घेऊन गेले आणि उचलून आणलं सगळं.

फेब्रुवारीत संग्रहालयाची बाई बघायला येणार. पसंत पडलं तर घेऊन जाईल, थंड खोलीत नीट ठेवील, आणि भिंतीवर बाबांचं नाव लावील. बाबांचं नाव! जन्मात एका फोटोवर त्यांनी सही केली नाही. तिची अट एकच — 'जसं आहे तसं राहू द्या. पुसू नका, चिकटवू नका, काही म्हणजे काही करू नका.'

मी कशाला करतेय! बाबा गेल्यापासून डोळ्यांत तेल घालून जपलंय. आता डोळ्यांत ड्रॉप घालायची वेळ आली.

१५ जानेवारी

धाकट्याचा फोन. साठी आली तरी माझा भाऊ धाकटाच. वरची टाकी वाहिली म्हणे रात्रभर, मागच्या खोलीचं छत ठिबकतंय.

'ट्रंका?'
'एक भिजली थोडी. वरून.'
'थोडी म्हणजे किती?'

गप्प! हा माणूस फोनवरसुद्धा गप्प बसतो. मी ओरडलेच, 'प्लास्टिक घाल! आधी त्या फोटोंना प्लास्टिक घाल, सगळ्यांना!'

'म्हणजे कसं, ताई?'

'प्लास्टिक घालायचं कसं ते पण मीच सांगू?' — आणि ठेवला फोन.

टाकी त्याची, छत त्याचं, आणि ठिबकायचं माझ्या डोक्यावर. बाबांनी घर त्याच्या नावावर केलं. तेव्हा मी ब्र काढला नाही. बाबांची शेवटची वर्षं मी काढली, औषधं मी दिली, रात्री उठून मी बघितलं. हा खाली स्टुडिओच्या जागेत मोटरी उघडून बसलेला. जिथं बाबा लोकांना 'हनुवटी वर' म्हणायचे तिथं आता तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि ग्रीसचा वास. स्टुडिओची पाटी काढून त्यानं मागच्या बाजूला 'मोटर रिवायंडिंग' लिहून घेतलं. तीच पाटी, उलटी! काटकसर बघा.

१९ जानेवारी

भावजयीचा फोन. 'काळजी करू नका ताई, तुम्ही सांगितलं तसं केलंय, म्हणाले हे.' पाठीमागून त्याचा खोकला ऐकू आला. स्वतः बोलायला काय तोंड शिवलं होतं?

२५ जानेवारी

घरी आले. 

ट्रंक उघडली. वरती शाळेची सातवी, ओळखीचीच. हात लावला तर गुळगुळीत! मला वाटलं, नवा डोळा आहे, चकाकतंय. दुसरा काढला, तोही गुळगुळीत. तिसरा, चौथा. खालपर्यंत!

लॅमिनेशन.

सगळ्यांचं लॅमिनेशन करून आणलंय त्यानं. रेशनकार्डाला करतात तसं. कडेला बोटभर पारदर्शक पट्टी सोडून, कोपरे गोल कापून. शेजारी उभा होता. चेहऱ्यावर काय ते समाधान! 'आता कायमचं झालं, ताई. पाण्यात पडले तरी काही होणार नाही.'

मी विचारलं, 'पुठ्ठे कुठायत?'

कारण प्रत्येक फोटो जाड पुठ्ठ्यावर होता. आणि पुठ्ठ्यावर फोटोखाली बाबांच्या अक्षरात नावं — पहिली ओळ डावीकडून, दुसरी ओळ डावीकडून. एकही मूल सोडलं नव्हतं.

'मशीनमध्ये जाईनात. सोलून काढले. कचऱ्यात गेले.'

कचऱ्यात गेले. बाबांचं अक्षर, अख्ख्या गावाची नावं. कचऱ्यात गेले!

'कुणी सांगितलं होतं तुला हे?'

तर माझ्याकडे बघून म्हणतो, 'तूच. प्लास्टिक घाल म्हणालीस ना.'

देवा! प्लास्टिक घाल म्हणजे कागद अंथर वरून, ताडपत्री टाक, पोत्यावर टाकतात तसं! अडाणी माणसालाही कळेल. पण याला एकदाच कधी नव्हे ते मन लावून काम करायचं होतं, ते इथं केलं. उत्साहाला नेमकी माझीच ट्रंक सापडली.

पोस्टर तेवढी वाचली. मशीन लहान पडलं म्हणून. नाहीतर नायक-नायिकांनासुद्धा ओळखपत्रं मिळाली असती.

२७ जानेवारी

लॅमिनेशन करून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, भांडायलाच. तर तो उलट माझ्यावर! 'बाई, तुमचं काम म्हणजे डोक्याला ताप झाला. मी म्हटलं पुठ्ठे भिजत टाकतो, आपोआप सुटतील. तर तुमचा भाऊ अंगावरच आला माझ्या. पाणी लावायचं नाही म्हणाला. दिवसभर इथं बसून ब्लेडनं सोलले त्यानं एकेक. गिऱ्हाइकांना उभं राहायला जागा नाही.'

मोठा आला जपणारा! नावं कचऱ्यात टाकली आणि पाण्याला घाबरला.

'आणि हे बुडबुडे?' मी चौथीचा फोटो नाकासमोर धरला. मधल्या ओळीत तीन मुलांच्या तोंडावर फोड आलाय. उष्णतेनं कागद फुगलाय आतून.

'जुना माल आहे बाई. थोडं इकडंतिकडं व्हायचंच.'

थोडं इकडंतिकडं! त्यातला एक झेरॉक्सवाल्याचा सख्खा चुलता. मी सांगितलं नाही. सांगून काय, पुठ्ठा कुठाय दाखवायला?

२९ जानेवारी

बोलत नाही मी त्याच्याशी. तोही बोलत नाही. त्याला काय, सवयीचंच आहे.

२ फेब्रुवारी

गिरणीवाली आली, पिठाचे हात घेऊन. 'ऐकलं, फोटो नवे केलेत म्हणे. माझ्या वर्गाचा दाखवा की.'

दाखवला. पदराला हात पुसले, मग फोटो पुसला, मग परत पदराला हात. 'अगंबाई, किती चकचकीत! तुमच्या भावानं सोनं केलं बघा.' मग बोट फिरवत म्हणाली, 'ही मी. ही माझ्या शेजारची... ही कोण हो? ओठांवर आहे नाव. खाली लिहिलेलं असायचं ना?'

'असायचं,' म्हटलं.

'मग आता?'

'आता माझ्या भावाला विचारा.'

ती खरंच खाली गेली विचारायला. खालून दोघांचं हसणं ऐकू आलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गावात मीच तेवढी कजाग ठरणार, आणि हा सोनं करणारा!

नावं आठवून लिहायला बसले होते काल. सातवीच्या पहिल्या ओळीतच अडकले. चित्रकला शिकवली मी त्या शाळेत जन्मभर, आणि मलाच नावं येत नाहीत. मी कशाला पाठ करणार होते? लिहिलेली होती!

९ फेब्रुवारी

बाई येऊन गेली. तरुण आहे, नीटस, हातमोजे घालून काम करते. आधी पोस्टर बघितली, खूष. गाण्यांची पुस्तकं बघितली, खूष. मग मी कपाटातून स्लाइडी काढल्या आणि तिच्या तोंडून 'अरे!' निघालं.

निघणारच. टॉकीजच्या स्लाइडी म्हणजे बाबांचा खरा हात. काचेवर रंगानं लिहिलेल्या सूचना, खेळाच्या आधी आणि मध्यंतरात दाखवायच्या. कडेनं काळी कागदी पट्टी. 'कृपया शांतता राखा.' 'सायकलींना कुलूप लावा.' 'हरवलेले मूल तिकीट खिडकीपाशी बसवले आहे.' ती एकेक काच उजेडात धरत होती आणि भिंतीवर रंग पडत होते. मी अक्षर काढायला शिकले ती याच काचांवरून. बाबा म्हणायचे, 'वेलांटी अशी दे, की शेवटच्या रांगेतल्यालाही वळण दिसलं पाहिजे.'

मग शाळेचे फोटो.

तिनं वरचा घेतला, वाकवून बघितला, परत ठेवला. दुसरा घेतलाच नाही. 'हे कुणी केलं?'

मी जिन्याकडे बोट दाखवलं. तो तिथंच उभा होता, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

'हे आता उघडता येणार नाहीत,' बाई म्हणाली. 'प्लास्टिक ओढलं तर चेहरे त्याच्याबरोबर येतील. असे आम्ही नाही घेऊ शकत, माफ करा. पण निगेटिव्ह असतील ना? त्या काळी काचेच्या प्लेटा वापरायचे. त्या असल्या तर काहीच बिघडलं नाही. सगळे फोटो पुन्हा काढता येतील, पुठ्ठ्याशिवायसुद्धा नावं शोधता येतील हळूहळू.'

प्लेटा! माझ्या डोक्यातच नाही आलं. लाकडी खोकी होती की! माझ्या लहानपणी डार्करूममध्ये छतापर्यंत खोकी होती. बाबांनी त्या टाकल्या असणं शक्यच नाही. ज्या माणसानं दुसऱ्याच्या टॉकीजची उरलीसुरली तिकिटं हातगाडीवरून आणली, तो स्वतःच्या प्लेटा टाकील?

मी धाकट्याला विचारलं, पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच. 'प्लेटा कुठायत?'

'नाहीत,' म्हणाला आणि खाली निघून गेला.

१० फेब्रुवारी

माळा बघितला. डार्करूम बघितली, म्हणजे आता तिथं वार्निशचे डबे आहेत ती. मोरीच्या वरची फळी बघितली. नाहीत.

जेवताना विचारलं. भावजय वाढत होती. 'खोकी कुठं गेली ते सांग.'

गप्प.

'बाबा गेल्यावर डार्करूम तू रिकामी केलीस. विकल्यास ना? काचेच्या भावानं विकल्यास?'

आमटीत बघत बसला होता. मग मान वर न करता म्हणाला, 'हो. विकल्या मी.'

भावजयीचा डाव हवेत राहिला. 'अहो, तुम्ही कधी...' म्हणाली. त्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

मग मात्र मी काही शिल्लक ठेवलं नाही. बाबांनी जन्मभर जपलं ते तू मातीत घातलंस म्हटलं. पाटी उलटी केलीस, पुठ्ठे फेकलेस, प्लेटा विकल्यास. या घरात बाबांचा मुलगा एकच होता, आणि तो मी होते! — हेही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं सगळं. ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि खाली गेला.

बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

माझी चूल वेगळी मांडली. भावजय येऊन रडून गेली. म्हणाली, 'तुम्हाला माहीत नाही, ताई.' काय माहीत नाही ते सांग म्हटलं, तर 'यांनी शपथ घातलीय' म्हणे. नवऱ्याची बाजू घ्यायला शपथा कशाला लागतात?

१८ फेब्रुवारी

संग्रहालयाची गाडी आली. पोस्टर, पुस्तकं, स्लाइडी गेल्या. शाळा राहिली. ट्रंकेत चकाकत पडलीय सगळी.

गाडीत खोकी धाकट्यानंच चढवली. स्लाइडींचं खोकं मात्र त्यानं धरलं नाही. 'ते ताई धरेल,' म्हणाला ड्रायव्हरला. काचेला हात लावायची लाज वाटली असेल. वाटू दे.

१ मार्च

संग्रहालयाच्या बाईचा फोन. खुशीत होती. एका स्लाइडीची काळी पट्टी सुटली, तर खाली काचेवर पायांची ओळ निघाली, लहान मुलांचे अनवाणी पाय. आणखी दोन उघडल्या, तसंच. 'शाळेच्याच प्लेटा धुऊन वडिलांनी त्यावर स्लाइडी रंगवल्यात. तेव्हा काच मिळायची नाही ना. किती विलक्षण, नाही का?'

खाली गेले. तो तार गुंडाळत होता. विचारलं. हात थांबला नाही त्याचा.

'तू शिकायला शहरात होतीस तेव्हा. गरम पाणी मी ओतायचो. बाबा काच कडेला धरायचे, तेवढं राहिलं असेल. बाकी अख्खा वर्ग सायीसारखा सुटून वर यायचा, ताई. चेहरे तरंगायचे पाण्यावर.'

मग हात थांबला.

'तुझा वर्ग आला तेव्हा मी पाण्यात हात घातला. म्हटलं, तुला तरी काढावं. हातातच विरघळलीस.'